ढोके सुभेदार आणि साडेतीन हजार फूट

मितूचा गुडघा शिवानीच्या कानशिलावर बसला, तेव्हा दोघी जमिनीपासून साडेचार हजार फूट वर होत्या आणि दोघींच्याही हवाई छत्र्या अजून पाठीवरच्या पिशवीत होत्या. हेल्मेट होतं म्हणून शिवानीचं डोकं फुटलं नाही. पण तिची मान एका बाजूला पडली, हात सैल झाले आणि ती उताणी होऊन गरगर फिरत खाली जायला लागली. मितूचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. तिनं स्वतःला कसंबसं पोटावर आणलं. मनगटावरच्या उंचीच्या घड्याळाचा काटा साडेतीन हजारावर आला तशी तिनं आपली छत्री उघडली आणि ती वर राहिली. शिवानी खाली निघून गेली.

हे मी पाहिलं आहे. त्यांच्यासोबत उडी मारलेल्या एका पोरीच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. सगळं मिळून आठ-नऊ सेकंदांचं आहे. दुधाला उकळी येऊन उतू जायलाही याहून जास्त वेळ लागतो.

तिकडे दिल्लीच्या पुढे कुठल्याशा धावपट्टीवर हे चाललं होतं, तेव्हा इकडे जबलपुरात, गोहलपुरातल्या माझ्या ओट्यावर, मितूचे आजोबा ढोके सुभेदार माझ्या मशीनच्या दोन बॉबिनी हातात घेऊन ब्लाउज न्यायला आलेल्या एका बाईला आकाशात माणसं एकमेकांवर कशी आदळतात ते समजावत होते. बॉबिनी एकमेकींवर टक्क करून आपटायच्या आणि सुभेदार म्हणायचे, "वेग नाही मारत बाई, फरक मारतो." बाईला हूक लावून हवे होते.

ढोके सुभेदारांना आमच्या भागात सगळे ओळखतात ते त्यांच्या काळ्या छत्रीमुळे. ही पावसातली साधी छत्री. ती उघडायची असली की ते भर रस्त्यात थांबतात. उजव्या खांद्यावरून मागे पाहतात, डाव्या खांद्यावरून मागे पाहतात, वर पाहतात, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन तीनदा हलवतात आणि मग छत्री उघडतात. आकाशात छत्री उघडायच्या आधी आजूबाजूच्यांना असा इशारा द्यायचा असतो म्हणे, म्हणजे कोणी अंगावर येत नाही. गोहलपुरात मात्र हात हलवले की ई-रिक्षा अंगावर येतात. एकाच वेळी तीन-तीन थांबतात.

"कहाँ जाना है दादा?"

"कहीं नहीं. खोल रहा हूँ."

नवे रिक्षावाले शिव्या देऊन जातात. जुन्यांना सवय झाली आहे, ते थांबत नाहीत. सुभेदारांना खरोखर रिक्षा हवी असते तेव्हाही थांबत नाहीत. त्यामुळे बहात्तराव्या वर्षी हा माणूस सगळीकडे पायी जातो आणि वर मला सांगतो की चालल्यानं तब्येत चांगली राहते.

फौजेत ते आधी विमानातून उड्या मारायचे, मग पोरांना मारायला शिकवायचे. माझे मालक आणि ते भंडाऱ्याकडच्या एकाच गावचे. मालक इथं फॅक्टरीत लागले, आणि पेन्शन झाल्यावर त्यांच्या सांगण्यावरून ढोक्यांनी आमच्या शेजारचं घर घेतलं. आता मालक नाहीत, ढोकेबाई नाहीत. मधली भिंत आहे. सकाळी अकराला ते "जयभीम वहिनी" म्हणून ओट्यावर येऊन बसतात, मी चहा ठेवते आणि मशीन चालू ठेवते. मशीनच्या आवाजावरून बोलायची त्यांना सवय आहे. विमानाचा आवाज याहून मोठा असतो म्हणतात.

मी चौथी पास. पण त्यांचं फिजिक्स मला बसल्याबसल्या पाठ झालं आहे. माणूस विमानातून पडला की दहा-बारा सेकंद त्याचा वेग वाढत जातो. मग खालून हवा त्याला धरते आणि वेग तेवढाच राहतो. पोटावर हातपाय पसरून पडला तर ताशी दोनशे किलोमीटर. डोकं खाली घातलं तर त्याहून पुष्कळ जास्त.

"पण दोन माणसं सोबत पडून राहिली, दोघंही दोनशेनं," सुभेदार सांगतात, "तर त्यांच्यात फरक किती? शून्य. एकमेकांच्या हातात चहाचा कप देऊ शकतात, वहिनी."

"अन चहा सांडणार नाही?"

"चहा वर उडून जाईल. पण कप देता येतो."

"मग रिकामा कप कायले द्यायचा?"

वीस वर्षांत मी त्यांना एकदाच निरुत्तर केलं, ते एवढंच.

बाकी सगळीकडे त्यांचा फरक चालतो. एकदा चौकात एका पोराच्या स्कूटीनं त्यांना मागून धडक दिली. पोरगा घाबरला. सुभेदार उठले, धूळ झटकली आणि त्याला विचारलं, "स्पीड कितना था?" तो म्हणाला, "पंद्रह होगा दादाजी." "मैं पाँच से चल रहा था. फ़र्क़ दस. दस में कोई नहीं मरता. जाओ." पोरगा निघाला तसा त्याला हाक मारून परत बोलावला, कारण धडक समोरून झाली असती तर पंधरा आणि पाच वीस झाले असते, आणि हे त्याला कळलंय की नाही याची सुभेदारांना खात्री करायची होती. तोवर मागे अर्धा चौक अडला होता. ट्रॅफिकच्या हवालदारानं येऊन सुभेदारांना हाताला धरून बाजूला केलं, तर त्यालाही वीस कसे झाले ते सांगितलं.

लग्नात ते नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला गेले की आधी दोघांचं वजन विचारतात. विहारात माझ्या भाचीचं लग्न लागलं, तेव्हा नवरा चांगला धिप्पाड आणि भाची काडीसारखी. सुभेदार स्टेजवर जाऊन नवऱ्याला म्हणाले, "जड माणूस लवकर पडतो. सोबत राहायचं असेल तर तुम्ही अंग पसरायचं, हिनं अंग आखडायचं." नवऱ्याकडची मंडळी इंदूरची. त्यांना काय कळलं कोण जाणे, सासूबाई उठून दुसरीकडे बसल्या. भाचीचा संसार चांगला चालला आहे. नवरा अजून पसरलेलाच आहे.

त्यांच्या घरावर वरच्या मजल्याला भाडेकरू असतात. कोणी फार टिकत नाही. सुभेदारांचा नियम असा, की खालच्याचा हक्क आणि वरच्याची जबाबदारी. आकाशात खालच्या माणसाला वरचा दिसत नाही, म्हणून पाहायचं काम वरच्याचं. त्यातही कोणाच्या पाठीच्या बरोबर वर जायचंच नाही. पोटावर पडणाऱ्या माणसाच्या पाठीमागे हवेचा खड्डा असतो. त्या खड्ड्यात वरचा आला की त्याला धरायला हवाच राहत नाही आणि तो धाडकन खालच्याच्या अंगावर पडतो. हे ऐकवण्यासाठी ते भाडेकरणीला ओले कपडे गॅलरीत टाकताना खालून हटकतात, "दीदी, नीचे देखा?" ती म्हणते, "देखा अंकल." ते म्हणतात, "नहीं देखा. मैं देख रहा था."

हा नियम मात्र मला पटतो. वरून काय काय पडतं ते आमच्या लोकांना शिकवायला फिजिक्स लागलं नाही.

आता मितू. तिचं नाव संघमित्रा, पण ते फक्त मार्कशीटवर. बाप बँकेत, दर तीन वर्षांनी बदली, म्हणून पोरगी शाळेपासून आजोबांकडेच वाढली. मराठी सगळी समजते, बोलते निम्मी हिंदी. आजोबांसारखीच उंच, आजोबांसारखीच हट्टी. नोकरीला लागल्यावर तिनं स्वतःच्या पगारातून उडी मारायचा कोर्स केला आणि घरी आल्यावर सांगितलं. बाप फोनवर ओरडत होता तेव्हा सुभेदार माझ्या ओट्यावर बसून हसत होते. मग चार पोरींचा एक गट झाला. विमानातून सोबत उडी मारायची, हवेत हात धरून फूल करायचं, चौकोन करायचा, मग पाठी फिरवून चार दिशांना दूर जायचं आणि आपापली छत्री उघडायची. शिवानी त्यातलीच, भोपाळची. मितूची जिवाभावाची. दोघींची खोली एकच, डबा एकच.

बाप म्हणाला, आता पुरे. मितू म्हणाली, मी करणार. सुभेदार म्हणाले, "करणारच आहे तर नीट करू दे. मी तयार करून देतो." पुढचे सहा महिने सुट्टीला आली की तिची तयारी चालायची आणि आमचा छळ चालायचा.

तिच्या पोटाखाली माझं कापड कापायचं स्टूल ठेवून तिला हातपाय वर करून तासभर आडवं झोपवायचे. मला कापायला जमिनीवर बसावं लागायचं. नंतर म्हणाले, स्टूल खोटं आहे, पाण्यात हवेसारखं वाटतं. म्हणून तिलवाऱ्याला नर्मदेवर घेऊन गेले. मीही गेले, तिकडे माझं एक काम होतं. मितू पाण्यात पालथी पडली, हातपाय पसरले, श्वास धरला. सुभेदार कमरेएवढ्या पाण्यात घड्याळ पाहत उभे. बाजूला नाववाले बसले होते. एक म्हातारा माणूस पाण्यात उभा आहे, समोर पोरगी पालथी तरंगते आहे आणि तो तिच्याकडे न पाहता घड्याळात पाहतोय, हे पाहून दोघांनी कपड्यांसकट उड्या टाकल्या. मितूला ओढून काठावर आणली. ती चिडली, "भैया, छोड़ो, चालीस सेकंड हुए थे." एकानं सुभेदारांची कॉलर धरली होती. सुभेदार त्याला म्हणाले, "बहुत अच्छा किया. लेकिन तुम दोनों एक ही तरफ़ से आए. आपस में टकराते."

शिवानी अंगानं भरलेली, मितू लुकडी. सोबत पडायचं तर मितूला वजन हवं, नाहीतर ती वर तरंगत राहते. म्हणून मी तिला एक बंडी शिवून दिली, जाड कॅनव्हासची, आठ खिशांची, दुहेरी टाक्याची. खिशांत शिसं. गोहलपुरातल्या टायरवाल्यांकडे चाकाला लावायचे शिशाचे तुकडे असतात, ते सुभेदारांनी गोळा केले. मग दोन्ही बाजूंना अगदी सारखं वजन पाहिजे म्हणून ते तुकडे घेऊन सराफ्यात गेले. सराफ त्यांच्या ओळखीचा. त्यानं काचेच्या पेटीतला काटा काढला, एकेक तुकडा चिमटीनं ठेवला आणि ग्रॅम सांगत गेला. दुकानात बांगड्या घ्यायला आलेल्या बायका थांबून पाहत होत्या. एकीनं विचारलं, "भैया, यह कौन सा सोना है?" सराफ म्हणाला, "यह सूबेदार साहब का है. पहनने से आदमी नीचे जाता है."

पण या सगळ्यात मला सर्वात राग यायचा तो 'साडेतीन'चा. साडेतीन हजार फूट ही छत्री उघडायची उंची. काटा तिथं आला की जे हातात असेल ते सोडायचं आणि छत्री उघडायची, मग समोर काहीही असो. हे अंगात मुरावं म्हणून सुभेदार कधीही, कुठंही ओरडायचे, "साडेतीन." मितूनं त्या क्षणी हातातलं सोडून उजवा हात कमरेमागे न्यायचा, छत्री उघडायची मूठ तिथं असते. जेवताना ओरडायचे, घास खाली. फोनवर बोलताना ओरडायचे, फोन खाली. काच बदलून बदलून मोबाइलवाला श्रीमंत झाला. बुद्धपौर्णिमेला विहारात मितू खिरीचं पातेलं घेऊन रांगेतून वाढत चालली होती आणि मागून आवाज आला, "साडेतीन." पातेलं खाली. पाच लिटर खीर सतरंजीवर आणि शेजारी बसलेल्या एका रिटायर मास्तरांच्या पांढऱ्या पँटवर.

सगळं विहार सुभेदारांकडे पाहत होतं. सुभेदार मितूकडे पाहत होते. म्हणाले, "शाबास."

मी घरी येताना विचारलं, "एखाद्या वेळी हातातलं धरून ठेवलं तर काय बिघडते? काहून पोरीच्या मागे लागले?"

ते म्हणाले, "विचार करायला नाही पाहिजे, वहिनी. हात आपोआप गेला पाहिजे."

मला तेव्हा तो म्हाताऱ्याचा हेका वाटला.

तर त्या दिवशी ब्लाउजवाली बाई गेली, सुभेदार चहा पीत होते आणि फोन वाजला. मितूचा. ते नेहमी फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, त्यामुळे मीही ऐकलं.

"आबाजी," ती म्हणाली, "मी शिवानीला सोडून आली."

तिला धाप लागली होती. मागे कोणीतरी स्ट्रेचर म्हणून ओरडत होतं.

सुभेदारांनी विचारलं, "कितीवर?"

"साडेतीन."

"शाबास," सुभेदार म्हणाले.

तिकडून फोन बंद झाला.

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "सुभेदार, पोरगी रडून राहिली अन तुम्ही शाबास म्हणून राहिले? माणूस आहात का कोण?" त्यांनी दोन्ही बॉबिनी डब्यात जागच्या जागी ठेवल्या. चहा तसाच टाकून गेले.

बापाचा फोन आला तेव्हा बाकीचं कळलं. चौघी दूर व्हायला फिरल्या, तेव्हा शिवानी अर्धी फिरायच्या ऐवजी जास्त फिरली आणि तिरकी मितूच्या समोर आली. दोघी पडत होत्या एकाच वेगानं, त्यात फरक नव्हता. पण आडव्या एकमेकींकडे सुटल्या होत्या, तो फरक होता. शिवानीच्या पाठीवरच्या पिशवीत एक डबी होती. माणूस बेशुद्ध असला आणि फार खाली आला, तर ती डबी आपणहून राखीव छत्री उघडते. ती उघडली. शिवानी एका शेतात पोत्यासारखी उतरली. श्वास चालू होता, पण डोळे उघडले नव्हते. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा.

मितूच्या पायाला प्लास्टर घातलं. हॉस्पिटलात शिवानीच्या आईनं तिला एवढंच विचारलं, "तुमने देखा, और छोड़ दिया?" त्यानंतर मितू बोलेना, जेवेना. दुसऱ्या दिवशी बापानं तिला जबलपूरला आणून सोडलं.

ती घरात थांबेना. कुबड्या घेऊन माझ्याकडे आली आणि मशीनशेजारी खुर्चीवर बसली. मी समजूत काढत नाही, मला ते येत नाही, म्हणून आली असेल. मी तिच्यापुढे तुकड्यांचं बोचकं टाकलं आणि रंग वेगळे करायला सांगितले. तासभर तिनं रंग वेगळे केले. मग म्हणाली, "आजी, मैंने सोचा भी नहीं. एकदा पण नाही. हात अपने आप गेला. ती माझ्या समोर होती ना, आणि माझा हात गेला. मी विचार केला असता तर गेली असती तिच्याकडे."

मी म्हटलं, "गेली असती तर दोघी मेल्या असत्या."

"शायद."

तेवढ्यात सुभेदार आले. हातात वही. ओट्यावरच सुरू झाले, "साडेचारवर आदळल्या, साडेतीनला उघडायची. हजार फूट. म्हणजे साडेपाच सेकंद. त्यात तुझा पाय मोडलेला, ती फिरून राहिलेली, फिरणाऱ्या माणसाला धरणं म्हणजे..."

"आबाजी, फिजिक्स नको," मितू म्हणाली.

"अगं, पण फरक पाहा ना तू..."

"सुभेदार," मी म्हटलं, "वही बंद करा, नाहीतर चुलीत टाकीन. या पोरीची मैत्रीण डोळे उघडून नाही राहिली, अन तुम्ही गणित सांगता."

ते बसले. वही मांडीवर ठेवली. मी ती उचलून चाळली. जुनी होती, कव्हर शिवलेलं होतं. आत मितूचं गणित फक्त शेवटच्या पानावर होतं. आधीच्या सगळ्या पानांवर दुसरंच एक गणित होतं, एकच, पुन्हा पुन्हा मांडलेलं. आकडे थोडे थोडे बदललेले.

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"बिष्टचं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, मितूला नाही, मशीनकडे पाहून. बिष्ट गढवालचा. दोघं हवालदार होते, दोघंच विमानातून उतरले. तीसेक वर्षं झाली. हवेत सुभेदार त्याच्या बरोबर वर गेले. त्याच्या पाठीवरच्या खड्ड्यात आले आणि खाली पडले. त्यांचा बूट त्याच्या मानेवर बसला. बिष्ट बेशुद्ध होऊन खाली जायला लागला.

"माझ्यापाशी सहा सेकंद होते," ते म्हणाले. "मी विचार केला. जाऊ की नको जाऊ. अडीच सेकंद विचार केला, तोवर तो फार खाली गेला. मग उघडली. त्या वेळी आमच्यापाशी डबी नव्हती."

मितूच्या हातातले तुकडे तसेच राहिले.

"जाऊ शकले असते?" तिनं विचारलं.

"रोज करतो गणित. अंग किती आखडलं असतं त्यावर आहे. कधी येतं उत्तर, कधी नाही येत. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी मी त्याला धरलेलं असतं."

महिन्यातून दोन-तीन दिवस सुभेदार घराबाहेर पडत नाहीत. चहालाही येत नाहीत. मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांचं पोट बिघडतं. मी भिंतीवरून साबुदाण्याची पेज द्यायची आणि ते घ्यायचे.

"तुला म्हणून शिकवलं," ते मितूला म्हणाले, आणि या वेळी तिच्याकडे पाहिलं. "साडेतीन म्हटलं की सोडायचं. घास, फोन, खीर, काही पण. तुझ्यावर कधी वेळ आली तर तू ठरवलंच नाही पाहिजे. ठरवलं की ते आयुष्यभर ठरवत बसावं लागते. तू नाही सोडलं शिवानीला. तुझा हात मी बसवलेला आहे. सोडलं ते मी सोडलं. तिच्या आईले हे सांगायला मी जाऊन राहिलो उद्या, तिकीट काढलं."

मितूच्या पायाच्या प्लास्टरवर ब्लाउजचे तुकडे पडले होते, ते सुभेदारांनी खाली वाकून एकेक करून उचलले. मितूनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवतात तसा, आणि ते तसेच वाकून राहिले. मी मशीन सुरू केलं. ब्लाउज दुपारी न्यायला येणार होते.

ते खरंच गेले. शिवानीच्या आईनं त्यांना आधी आत येऊ दिलं नाही. ते हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तीच बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं विचारलं, डबी म्हणजे काय, ती कशी उघडते. त्यांनी सांगितलं. किती वेळ सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे, आणि त्या बाईबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी सकाळी शिवानीनं डोळे उघडले. पहिल्यांदा तिनं मितूला शिवी दिली, कारण तिला वाटलं मितूच तिच्या रस्त्यात आली. अंगात ताकद आल्यावर चूक कोणाची यावरून दोघी फोनवर तासभर भांडल्या. मितू भांडता भांडता माझ्याकडच्या दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी खाऊन गेली.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मितू पुन्हा उडी मारणार आहे. बापाला अजून सांगितलेलं नाही. शिवानीचं अजून ठरलेलं नाही, तिला उजव्या कानानं कमी ऐकू येतं.

त्या दिवशी विमानातून चार पोरी उतरल्या होत्या. चौघीही आहेत. बिष्ट आणि ढोके दोघं उतरले होते. ढोके आहेत.